वीस मिनिटांचं बोलणं

वैद्यकाच्या इतिहासात औषधांच्या आणि लशींच्या गोष्टी भरपूर. पेनिसिलिन, देवी, पोलिओ, सगळं आपण ऐकलेलं असतं. आजच्या गोष्टीत मात्र औषधच नाही, नुसतं बोलणं आहे. दवाखान्यात कुणीतरी तुमच्याशी वीस मिनिटं नीट बसून बोललं, तर गुप्तरोग कमी होतात का? प्रश्न साधा वाटतो ना? पण त्याचं भरवशाचं उत्तर मिळायला १९९८ साल उजाडलं.

थोडं मागे जाऊ. १९८५ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीची रक्ततपासणी सुरू झाली. चाचणी आली, पण उपचार कुठे होते? आजार खरोखर आटोक्यात ठेवणारी एकत्रित औषधं यायला १९९६ उजाडायचं होतं. म्हणजे मधली दहा-अकरा वर्षं दवाखान्याकडे देण्यासारखं मुख्यतः एकच होतं : शब्द. आणि ते शब्द कसे, तर आपल्याकडे डॉक्टर ‘साखर कमी करा, चालायला जा’ म्हणतात तसे. कंडोम वापरा, जोडीदार कमी करा, पुढचा पेशंट. पाच मिनिटांत काम तमाम.

काही लोकांना हे खटकत होतं. माहिती तर सगळ्यांनाच असते हो, मग माणूस तसं वागत का नाही? यातून ‘प्रोजेक्ट रिस्पेक्ट’ उभा राहिला. १९९३ पासून बाल्टिमोर, डेन्व्हर, लाँग बीच, न्यूअर्क आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या सरकारी गुप्तरोग दवाखान्यांतले ५,७५८ स्त्री-पुरुष यात घेतले. सगळे एचआयव्ही नसलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काहींना नेहमीची पाच-पाच मिनिटांची माहिती, दोनदा. काहींना वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका. आणि काहींना चार लांबलचक बैठका, एकूण २०० मिनिटांच्या.

या बैठकांमध्ये व्हायचं काय, ते नीट ऐका, कारण सगळी गंमत तिथे आहे. समुपदेशक भाषण देत नव्हता, प्रश्न विचारत होता. गेल्या काही दिवसांत तुम्हाला स्वतःला धोक्याचं वाटलं असं काय घडलं? तेव्हा कुठे होतात, प्यायला होतात का, समोरच्याला काही बोलायचा प्रयत्न केलात का? मग त्या माणसाच्या आयुष्यात बसेल असं एकच छोटं पाऊल ठरवायचं. ‘यापुढे नेहमी सुरक्षित वागेन’ हे चालायचं नाही. ‘शनिवारी बाहेर पडण्याआधी खिशात कंडोम ठेवेन’ हे चालायचं. आठ-दहा दिवसांनी तो माणूस एचआयव्हीचा रिपोर्ट घ्यायला यायचा, तेव्हा दुसरी बैठक. ठरवलं होतं ते झालं का? नाही झालं तर कुठे अडलं?

आणि हे लोक ‘मी सुधारलो’ या शब्दावर थांबले नाहीत. तपासण्या केल्या. सहा महिन्यांनी नुसती माहिती मिळालेल्यांपैकी १०.४ टक्के लोकांना नवा गुप्तरोग झाला होता. चार बैठकांच्या गटात ७.२ टक्के, दोन बैठकांच्या गटात ७.३ टक्के. म्हणजे तीस टक्के घट! वर्षभराचा हिशेब धरला तर वीस टक्के. आणि २०० मिनिटांचा फायदा चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नव्हता. गर्दीच्या सरकारी दवाखान्याला यापेक्षा चांगली बातमी कुठली?

याच काळात आपल्या पुण्यात काय चाललं होतं? १९९२ मध्ये भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’ सुरू झाली होती. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत तपासणी आणि समुपदेशनाचं काम चालू होतं. पुन्हा पुन्हा येणारे पुरुष सांगायचे की कंडोमचा वापर वाढलाय. इथे मात्र बराचसा आधार त्यांच्या सांगण्यावर होता, आणि तुलनेला वेगळा गट नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

पण पुण्याच्या कामातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा पुरुषांचा नाही. १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यात आलेल्या स्त्रियांबद्दल लिहिलं. देहविक्रीत नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेक विवाहित, नवऱ्याशिवाय दुसरं कुणी नाही. आता या बाईला समुपदेशक काय विचारणार? ‘तुमचं छोटं पाऊल कोणतं?’ तिचा धोका तिच्या वागण्यात नव्हताच, तो घरी संध्याकाळी जेवायला बसायचा. एकट्या माणसाशी बोलून वागणूक बदलायची ही पद्धत इथे येऊन अडते, आणि माझ्या मते तिच्या कौतुकात हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

पुढे गोष्टीला विचित्र वळण लागलं. आठवतं ना, दुसरी बैठक कशामुळे होत होती? रिपोर्ट उशिरा यायचा म्हणून! मग वीसेक मिनिटांत निकाल देणाऱ्या चाचण्या आल्या. अमेरिकेत त्यातल्या एका महत्त्वाच्या चाचणीला २००२ मध्ये मान्यता मिळाली. लोकांची जीवघेणी वाट पाहणं संपलं, फार चांगलं झालं. पण परत येण्याचं कारणही संपलं. २००६ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं की दवाखान्यात एचआयव्ही तपासणीसोबत असं समुपदेशन सक्तीचं नको, त्यामुळे तपासण्याच कमी होतात. २०१० मध्ये नऊ दवाखान्यांत ५,०१२ लोकांवर ‘प्रोजेक्ट अवेअर’ झाला : झटपट चाचणीसोबत एकदाच समुपदेशन, विरुद्ध नुसती माहिती. निकाल २०१३ मध्ये आला. नवे गुप्तरोग समुपदेशन घेतलेल्यांत १२.३ टक्के, न घेतलेल्यांत ११.१ टक्के. फायदा शून्य.

यावरून ‘बोलण्याने काही होत नाही’ असं म्हणणारे लगेच उभे राहिले. मला ते पटत नाही. अवेअरमध्ये बैठक एकच होती. ‘झालं का, कुठे अडलं?’ हा प्रश्न विचारायला दुसरा दिवसच नव्हता. अर्थात मधल्या वर्षांत काळही बदलला होता, लोकांना माहिती जास्त होती, त्यामुळे सगळं खापर गेलेल्या बैठकीवर फोडता येत नाही, हेही खरं.

आपल्याकडे वाट वेगळी निघाली. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तपासणीच्या संमतीतच आधीचं आणि नंतरचं समुपदेशन धरलंय. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाहेर रांग. त्या रांगेत आत बसलेल्याला वीस मिनिटं मिळतात का, हे तिथे काम करणाऱ्या कुणी ऐकत असाल तर आम्हाला जरूर कळवा.

पुढच्या भागात १९२१ ची मुंबई आणि र. धों. कर्व्यांचं संततिनियमन केंद्र. भेटूच.