प्लॅटिनम आणि गलाईची भट्टी



मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयात. तेव्हा प्लॅटिनमसारख्या दुर्मिळ धातूवर बोलायला हा गृहस्थ कसा उभा राहिला, अशी शंका आपल्याला येणे साहजिक आहे. पण आपल्या कुंडलच्या शेजारी विटा, खानापूर, आटपाडीचा दुष्काळी टापू आहे. तिथली हजारो माणसे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी तमिळनाडू-केरळपासून थेट उत्तरेपर्यंत गेली आणि तिथल्या सराफपेठांत भट्ट्या मांडून बसली. त्या भट्टीशी प्लॅटिनमचे एक नाते आहे. तेच आज सांगायचे आहे.

दक्षिण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना हा धातू फार पूर्वीपासून ठाऊक होता. सोन्याच्या कणांबरोबर तापवून आणि ठोकून ते त्याचे दागिने घडवीत. पुढे स्पॅनिश लोक आले. आजच्या कोलंबियातील नद्यांच्या वाळूत सोने शोधताना त्यांना पांढरे, जड कण सापडत. ते काही केल्या वितळत नसत. त्यांनी तुच्छतेने नाव ठेवले ‘प्लॅटिना’, म्हणजे हलकीशी चांदी. सोन्यात भेसळ करायला ते कण वापरले जाऊ लागले, तेव्हा ते नदीत फेकून द्यावेत असा सरकारी हुकूम निघाला. 1735 साली त्या मुलखात गेलेल्या अंतोनियो दे उलोआ या स्पॅनिश अधिकाऱ्याने 1748 साली छापलेल्या प्रवासवृत्तांतात या धातूची नोंद केली, आणि युरोपातील विद्वानांचे लक्ष तिकडे वळले. शोधाच्या इतिहासात उलोआचे नाव आहे. पण त्या नद्यांची वाळू उपसणारे हात बहुतांशी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते. त्यांची नावे त्या इतिहासात नाहीत.

हा धातू घडवण्याजोगा करून दाखवला तो इंग्लंडच्या वोलॅस्टनने. त्याने खनिज अम्लराजात विरघळवले, त्यातून प्लॅटिनमची भुकटी मिळवली आणि ती दाबून, तापवून, ठोकून तिची लगड केली. ही कृती त्याने अनेक वर्षे गुप्त ठेवली व 1828 साली, मृत्यूच्या थोडे आधी, जाहीर केली. याच खटाटोपात त्याला पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे दोन नवे धातू सापडले.

आता याचे गुण पाहा. एक लिटर पाणी एक किलो भरते. तेवढ्याच आकाराचे शिसे 11 किलो, सोने 19 किलो आणि प्लॅटिनम सुमारे साडेएकवीस किलो! सोने 1064 अंशांवर वितळते, तर प्लॅटिनमला 1768 अंश सेल्सिअस लागतात. ते गंजत नाही, काळे पडत नाही. जगात वर्षाला 3000 टनांहून अधिक सोने खाणीतून निघते. प्लॅटिनम 200 टनही निघत नाही.

पण त्याचा खरा गुण निराळाच आहे. 1823 साली डोबरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवले, की प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला तर तो हवेत आपोआप पेटतो, आणि प्लॅटिनम मात्र होते तसेच राहते. सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थासारखे हे काम. लग्न दोघांचे लागते, मध्यस्थ जसाच्या तसा. याला उत्प्रेरक म्हणतात. मोटारीच्या धुरातील विष कमी करणारे यंत्र याच गुणावर चालते. आपल्याकडे 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले. प्लॅटिनमपासून केलेले सिस्प्लॅटिन हे औषध 1978 पासून कर्करोगावर वापरले जाते.

याच गुणावर नायट्रिक आम्लाचा, म्हणजे शोऱ्याच्या तेजाबाचा, कारखाना उभा आहे. तापून लाल झालेल्या प्लॅटिनमच्या बारीक जाळीतून अमोनिया आणि हवा सोडतात. ऑस्टवाल्डने 1902 साली या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्या ट्रॉम्बे-तळोज्यातही हे आम्ल तयार होते. आणि तेजाबावाचून आपल्या गलाईवाल्याचे पान हलत नाही.

तो जुना दागिना मुशीत टांकणखार घालून वितळवतो, सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी त्यात मिसळतो आणि ते सारे तेजाबात उकळतो. चांदी-तांबे विरघळते, सोने तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसते. त्या वेळी जो तांबूस धूर निघतो, तो फुफ्फुसाचा वैरी आहे. आधी थोडा खोकला येतो, मग बरे वाटते. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरते. माझ्या ओळखीचा एक तरुण दक्षिणेतल्या एका शहरात असाच जेवून निजला आणि मध्यरात्री त्याला धाप लागली. डॉक्टरांना त्याने सांगितले, ‘सर्दी झालीय.’ धुराचे नाव सोबत्याने काढले, म्हणून तो वाचला.

प्लॅटिनमच्या कामगाराचीही हीच कथा. धातू निरुपद्रवी, पण शुद्धीकरणातील त्याच्या क्षारांनी दमा जडतो. 1945 साली लंडनच्या कारखान्यांतील तपासणीत निम्म्याहून अधिक कामगारांना हा त्रास आढळला. जगातले बहुतेक प्लॅटिनम ज्या दक्षिण आफ्रिकेतून येते, तिथे मारिकाना येथे 16 ऑगस्ट 2012 रोजी वेतनवाढ मागणाऱ्या 34 खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घालून ठार केले. धातूचा भाव रोज छापून येतो. तो धातू काढणाऱ्याच्या श्वासाचा हिशेब कोणी ठेवत नाही.

कारखान्यात युनियन आहे, कायदा आहे. दोन-चार माणसांच्या गलाई दुकानात दोन्ही पोहोचत नाहीत. म्हणून माझी विनंती आपल्याला आहे. यात्रेला, दिवाळीला ही मुले गावी येतील, तेव्हा पगाराबरोबर एवढे विचारा: भट्टीवर धुराडे आणि पंखा आहे का? धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढतात का? आणि बजावून सांगा, की धूर छातीत गेला तर बरे वाटले तरी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना आधी तेजाबाचे नाव सांगायचे. एवढे झाले, तरी आजचे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.