लंडनच्या कंडक्टरची पॅन्ट आणि तुमचा वजनकाटा

"डॉक्टर, दोन महिने रोज चाललो. काटा जेमतेम एक किलोने हलला. मग सोडून दिलं."

हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. दुसरं वाक्य जरा हळू आवाजात येतं: "जिममध्ये जायची लाज वाटते हो. आधी थोडी बारीक होते, मग जाईन."

दोन्ही वाक्यांमागची समजूत एकच आहे. व्यायाम म्हणजे बारीक होण्याचं साधन, आणि बारीक झालो नाही तर घाम वाया गेला. तुमचीही तशी समजूत असेल, तर सत्तर वर्षांपूर्वीची एक गोष्ट ऐका. ती घडली लंडनच्या बसमध्ये.

एका बसमधली दोन माणसं

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुषांना हृदयविकाराचे झटके येण्याचं प्रमाण वाढत चाललं होतं. कारण कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. हालचालीचा हृदयाशी काही संबंध असेल, हा विचारही तेव्हा रुळलेला नव्हता. उलट झटका आलेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगत.

डॉ. जेरी मॉरिस या संशोधकाने वेगवेगळे व्यवसाय तपासायला घेतले. त्यात लंडनच्या डबलडेकर बसवरचे कर्मचारी होते. ज्यांनी मुंबईत बेस्टच्या जुन्या डबलडेकरमधून प्रवास केलाय, त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. ड्रायव्हर पाळीचा जवळपास सगळा वेळ बसून असतो. कंडक्टर मात्र तिकिटं फाडत सतत खालीवर करतो. लंडनचा कंडक्टर दिवसाला साधारण ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे.

बाकी दोघांत फारसा फरक नव्हता. नोकरी एकाच संस्थेची, रस्ते तेच, धूर तोच, राहणीमानही साधारण सारखंच. तरीही कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा स्पष्टपणे कमी निघालं. ज्या कंडक्टरांना तो झाला, त्यांना तो उशिरा झाला आणि त्यातून दगावण्याचं प्रमाणही कमी होतं. पोस्ट खात्यातही हेच दिसलं: पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन हे टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते. १९५३ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

शिंप्याच्या वहीतला पुरावा

तुमच्या मनात आता शंका आली असेल. जी माणसं आधीच सडपातळ, तीच कंडक्टर होत असतील आणि जाडी माणसं स्टिअरिंगमागे बसत असतील! मग श्रेय पायऱ्यांचं कसं?

हीच शंका तेव्हाही आली. ती तपासायला मॉरिस यांना एक साधी, हुशार युक्ती सापडली. बसच्या कर्मचाऱ्यांना संस्थेकडून गणवेश मिळत असे आणि त्या गणवेशांची मापं नोंदवलेली होती. म्हणजे प्रत्येकाच्या पॅन्टच्या कमरेचं माप कागदावर तयारच होतं!

१९५६ साली ही मापं प्रसिद्ध झाली आणि शंका निम्मी खरी ठरली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्याही. पण पुढचं वाक्य नीट वाचा, कारण आजचा सगळा लेख त्यासाठी आहे. सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे गट पाडून तुलना केली, तरी फरक टिकून राहिला. म्हणजे पोट सुटलेल्या कंडक्टरलाही पोट सुटलेल्या ड्रायव्हरपेक्षा धोका कमी होता.

पायऱ्यांनी त्याची पॅन्ट सैल केली नव्हती, पण त्याचं हृदय मात्र राखलं होतं.

याचा अर्थ कमरेच्या घेराला महत्त्व नाही असा घेऊ नका. ते आहेच. पण हालचालीचा फायदा मिळायला आधी बारीक व्हावं लागत नाही. तो फायदा वेगळा जमा होतो.

कॉलेजातल्या ट्रॉफीचं काय?

पुढे मॉरिस यांनी सुमारे अठरा हजार मध्यमवयीन सरकारी अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. ही सगळी खुर्चीवर बसून काम करणारी मंडळी. त्यामुळे प्रश्न होता तो ऑफिसबाहेर ते काय करतात याचा. जे पोहत, सायकल चालवत, झपाझप चालत किंवा अंग मोडून बागकाम करत, त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला.

त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. तरुणपणी भरपूर खेळलेले, पण आता काहीच न करणारे जे होते, त्यांना त्या जुन्या खेळाचा फायदा उरलेला नव्हता. "कॉलेजात असताना मी कबड्डीच्या टीममध्ये होतो" म्हणणाऱ्यांना हे जरा कडू लागेल. पण नाण्याची दुसरी बाजू पाहा. शाळेत खो-खोच्या टीममध्ये जिला कधी कुणी घेतलं नाही, ती बाई आज चालायला लागली तर तिचं काहीही मागे राहिलेलं नाही.

असं का होतं? चालल्यानंतर स्नायू रक्तातली साखर जास्त सहजपणे शोषून घेतात. हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. रक्तदाबही व्यायामानंतर काही तास थोडा खाली राहतो. त्यामुळे व्यायाम ही बँकेतली मुदत ठेव नाही. तो रोजच्या भाजीसारखा आहे, ताजाच आणावा लागतो. म्हणूनच मधुमेहींना आम्ही सांगतो की सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका.

पुण्यातला एक फोटो

शरीर पाहून आरोग्य ओळखता येतं का, याचं उत्तर देणारा एक फोटो २००४ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात दोन डॉक्टर शेजारी उभे आहेत: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

आपण भारतीय वरून बारीक दिसत असतानाही आतून चरबी बाळगून असू शकतो. म्हणून "मी तर सडपातळच आहे, मला कशाला व्यायाम?" म्हणणारा आणि "मी इतकी जाडी, माझा काय उपयोग?" म्हणणारी, दोघंही आरशावर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतात.

दहा हजारांचा आकडा

उमेद घालवणारा आणखी एक आकडा म्हणजे रोजची दहा हजार पावलं. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मान्पो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचा मापक'. नाव लक्षात राहणारं होतं, ते जगभर पसरलं आणि आज तुमच्या मनगटावरच्या घड्याळात येऊन बसलंय.

२०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. पुढे फायदा वाढत गेला आणि साधारण ७,५०० च्या आसपास स्थिरावला. दहा हजार चालत असाल तर छानच, जरूर चाला. पण पाच हजार झाली म्हणून "आजचा दिवस फुकट गेला" असं म्हणू नका.

मग मोजायचं काय?

वजनाचा काटा महिन्यातून एकदा पाहिला तरी पुरे. त्याऐवजी कॅलेंडरवर चाललेल्या दिवशी एक फुली मारा. आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं हे ध्येय ठेवा. तेही एकदम नाही जमलं तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतील. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर दम लागायचा, आता लागत नाही, याची नोंद करा. साखर, रक्तदाब आणि झोप यांच्यातला बदल पाहा. हे आकडे बऱ्याचदा काट्याच्या आधी हलतात.

मात्र चालताना छातीत दुखलं, भरून आलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार असलेल्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुरुवात करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

आणि लोकांच्या नजरांचं काय? १९६० च्या दशकात मॉरिस स्वतः लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या मोकळ्या माळावर धावायला जात. तेव्हा असं धावणारं दुसरं कुणी नसायचं आणि लोकांना वाटायचं, या गृहस्थाचं डोकं फिरलंय. ते धावत राहिले. २००९ साली ते गेले तेव्हा त्यांचं वय ९९ होतं. एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीच सर्वात आधी सांगितलं असतं. पण बघणाऱ्यांकडे बघायचं की रस्त्याकडे, हे त्यांच्याकडून नक्की शिकता येईल.

तेव्हा उद्या सकाळी, आहे त्या शरीराने, आहेत त्या कपड्यांत, दहा मिनिटं बाहेर पडा. पॅन्टचं माप नंतर बघू.