मोडशी, जरीमरी आणि पटकीचें विष

अंधेरी-कुर्ला रस्त्यानजीक जरीमरी नांवाची वस्ती आहे. जरीमरी ही साथीच्या रोगांची देवी. जुन्या कागदांत जरीमरी, मोडशी, पटकी हे शब्द दिसतांच आपण त्यांचा अर्थ ‘कॉलरा’ असा लावून मोकळे होतों. हा अर्थ कितपत ग्राह्य आहे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ इ. स. १५६३ त गोव्यास छापला गेला. मुंबई बेट कांहीं काळ याच ओर्ताकडे खंडानें होतें. त्यानें रोगाचीं लक्षणें स्पष्ट नोंदविलीं आहेत: नाडी लागत नाहीं, गार घाम सुटतो, तहान अनावर होते, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात. आपल्या ‘मोडशी’ शब्दाचें फ्रेंचांच्या तोंडीं ‘मोर-द-शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचें मरण’, असें रूप झालें.

या लक्षणांचें कारण शोधण्याचें मोठें कार्य परळच्या हाफकिन संस्थेंत झालें. १९५५ सालीं दत्ता व हब्बू यांनीं सशाच्या तान्ह्या पिलांत पटकी उत्पन्न केली. १९५९ सालीं दत्ता, पानसे व कुळकर्णी यांनीं जंतू फोडून काढलेल्या अर्कानेंही तीं पिलें रोगग्रस्त होतात असें दाखविलें. त्याच वर्षीं कलकत्त्यास शंभुनाथ डे यांनीं जंतू गाळून काढलेल्या द्रवानें सशाच्या आंतड्यांत पाणी सांचतें हें सिद्ध केलें. सारांश, जंतू आंतड्यांतच राहतो; घात करितें तें त्याचें विष.

या विषाच्या रेणूची घटना पुढें उलगडली. त्याचे पांच घटक आंतड्याच्या पेशीस चिकटतात. सहाव्याचा एक अंश आंत शिरून तेथील एका प्रथिनास कायमचें जागृत ठेवितो. त्यामुळें चक्रीय ए. एम. पी. हें द्रव्य बेसुमार वाढतें, क्षारांचीं द्वारें उघडीं राहतात, आणि क्षारांमागून पाणी वाहूं लागतें. शरीरांतील पाणी असें आटल्यानेंच नाडी बुडते व डोळे खोल जातात. ओर्ताची नोंद या दृष्टीनें वाचली असतां तिचें एकेक वाक्य सार्थ वाटतें.

तथापि तेवढ्यानें निर्णय होत नाहीं. याच बांधणीचें विष आंतड्यांतील ‘एशेरिकिया कोलाय’ या जंतूच्या कांहीं जातीही निर्माण करितात. शिवाय मोडशी हा शब्द साध्या अजीर्णासही लावीत. इ. स. १८१७ त बंगाल्यांत उद्भवलेली साथ पुढील वर्षीं मुंबईस पोंचली. त्यापूर्वीच्या कागदांविषयीं तर विशेष सावधपणा हवा. आमच्या मतें शब्द हा पुरावा नव्हे. लक्षणें, मृतांची संख्या व साथीचा मार्ग हीं तिन्ही एकत्र मिळालीं तरच अनुमान बळावतें. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, वैद्यकाचीं बाडें व मृतांच्या याद्या किरकोळ समजून टाकूं नयेत, आणि नक्कल करितांना केवळ रोगाचें नांव न उतरितां सबंध मजकूर उतरावा.