तिळाची सागरयात्रा

संक्रांत जवळ आली की आपल्याकडे तीळ निवडून भाजायला घेतात. ते तडतडू लागले की घरभर खमंग वास सुटतो आणि मुलं चुलीभोवती जमतात. असाच वास सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील चार्ल्स्टन या बंदराच्या शहरातही येतो, असं सांगितलं तर आपल्याला नवल वाटेल.

तिथं वड्या थापत नाहीत, घरी बिस्किटं भाजतात. लोणी आणि तांबूस साखर फेसायची. त्यात अंडं, थोडा मैदा व भाजलेले तीळ घालायचे. पत्र्यावर चमच्यानं लहान लहान गोळे अंतरा-अंतरानं सोडायचे आणि पत्रा भट्टीत सरकवायचा. लोणी वितळून गोळे पसरतात आणि थोड्याच मिनिटांत पातळ, कुरकुरीत बिस्किटं तयार होतात. त्यांचं नाव 'बेने वेफर'.

आता हा 'बेने' शब्द कुठला? तो मूळचा इंग्रजी नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या मांदिंका, वोलोफ या भाषांत तिळाला 'बेने' म्हणतात. तीळ मात्र मूळचा भारतखंडातला, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. हडप्पा येथील उत्खननात जळून काळे झालेले तीळ सापडले. ते सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे. आपला 'तेल' हा शब्दच मुळी तिळावरून आला. हाच दाणा पुढे आफ्रिकेतही रुजला.

अठराव्या शतकात आफ्रिकेतली माणसं धरून, जहाजांत कोंबून अमेरिकेत विकली जात. चार्ल्स्टन हे त्या व्यापाराचं मोठं बंदर. या माणसांचं घरदार गेलं, गाव गेलं. पुष्कळांची नावंसुद्धा मालकांनी बदलली. पण हातातली शेती आणि तोंडातला शब्द कोण काढून घेणार? त्यांनी आपल्या झोपडीजवळच्या तुकड्यात तीळ पेरला आणि त्याला 'बेने'च म्हटलं.

१८०८ च्या सुमारास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना या पिकाची गोडी लागली. घरच्या तेलासाठी त्यांनी ते आपल्या मळ्यात लावलं. हे बी आफ्रिकी लोकांनी आणलं, असं त्यांनीच पत्रात लिहून ठेवलं आहे. बाहेरून गुलाम आणण्यास बंदी करणाऱ्या कायद्यावर १८०७ मध्ये सही केली तीही त्यांनीच. आणि तरी त्यांच्या मळ्यात राबत होते ते गुलामच! देशातली गुलामगिरी कायद्यानं संपायला १८६५ साल उजाडावं लागलं.

शिक्षकबंधूंनो, यंदा शाळेत तिळगूळ वाटाल तेव्हा मुलांना नकाशा दाखवा. हडप्पा, पश्चिम आफ्रिका, चार्ल्स्टन, या तीन ठिकाणी खूण करा. एखादं मूल विचारील, "गुरुजी, ते बी पेरणाऱ्यांची नावं काय होती?" त्याला खरं तेच सांगा. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचा शब्द मात्र त्या बिस्किटावर अजून आहे.