सपाट मार्ग, अनेक फेऱ्या : नदीकाठच्या मॅरेथॉनचे गणित

दाभोळ (प्रतिनिधी) - सह्याद्रीत उगम पावणारी वाशिष्ठी नदी चिपळूणवरून वाहत येऊन दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या एका तीरावर दाभोळ, समोर गुहागर तालुक्यातील धोपावे आणि दोहोंमध्ये फेरीबोट, असा हा परिसर. येथे डोंगर जवळजवळ पाण्यापर्यंत उतरतात. सलग ४२ किलोमीटर सपाट रस्ता या किनाऱ्यावर शोधूनही सापडणार नाही. अशा ठिकाणी वेगवान मॅरेथॉन भरवायची, तर मार्ग एकच उरतो. काठालगतचा जो काही सपाट तुकडा हाती असेल, त्यावरच पुन्हा पुन्हा धावायचे.

हा केवळ अडचणीतून काढलेला तोडगा नव्हे. जगातील काही अत्यंत वेगवान शर्यती अशाच फेऱ्यांवर झाल्या आहेत. नदी गाळ पसरवून जमीन सपाट करते. म्हणून असे मार्ग बहुधा नदीच्या आसपास आढळतात. व्हिएन्नातील प्राटर उद्यान हा एकेकाळचा डॅन्यूबचा पूरप्रदेश. तेथील झाडांनी वेढलेल्या ४.३ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर १२ ऑक्टोबर २०१९ रोजी केनियाचा एलिउड किपचोगे फेऱ्या मारीत धावला आणि त्याने ४२.१९५ किलोमीटर अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले. वेग राखून देणारे सहकारी आळीपाळीने बदलत असल्याने ही वेळ विक्रम म्हणून गणली गेली नाही, ही गोष्ट वेगळी.

लंडन ऑलिंपिकमधील (२०१२) मॅरेथॉनचा मार्ग थेम्स नदीच्या काठाने आखला होता. प्रथम ३.५७१ किलोमीटरची एक छोटी फेरी आणि त्यानंतर १२.८७५ किलोमीटरच्या तीन मोठ्या फेऱ्या, अशी ती रचना होती. उरलेले अंतर सुरुवातीसच उरकून टाकण्यात शहाणपण आहे. थकलेल्या धावपटूला शेवटी केवळ पूर्ण फेऱ्याच मोजाव्या लागतात. या शर्यतीत भारताचा रामसिंग यादव धावला. ऑलिंपिकची पात्रता त्याने त्याच वर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये २ तास १६ मिनिटे ५९ सेकंद अशी वेळ देऊन मिळविली होती. पेडर रोडची चढण असलेल्या मार्गावर मिळविलेली ही वेळ होती, हे विशेष.

महाराष्ट्रात याला जवळचे उदाहरण पुण्याचे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनचा मार्ग अलीकडच्या काही वर्षांत सणस मैदानापासून, मुठेला बराचसा समांतर जाणाऱ्या सिंहगड रस्त्याने नांदेड सिटीपर्यंत आणि परत, असा राहिला असून पूर्ण मॅरेथॉनसाठी त्याच्या दोन फेऱ्या होतात.

फेऱ्यांच्या मार्गाचा आणखी एक लाभ नियमांच्या बाजूने मिळतो. विक्रम मान्य होण्यासाठी प्रारंभ आणि अंतिम रेषा यांतील सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक असू नये आणि उतार सरासरीने किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नसावा, असा दंडक आहे. बोस्टनचा एका दिशेने उतरत जाणारा मार्ग या कसोटीस उतरत नाही. त्यामुळेच २०११ मध्ये जेफ्री मुताईने तेथे दिलेली २ तास ३ मिनिटे २ सेकंद ही वेळ विश्वविक्रम ठरली नाही. जेथून निघालो तेथेच परतणाऱ्या मार्गाला ही अडचण येत नाही.

मात्र खरी कसोटी मोजणीची असते. समजा, खाडीकाठी अडीच किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. जाऊन-येऊन पाच किलोमीटरची फेरी; अशा आठ फेऱ्या आणि वर २.१९५ किलोमीटर. फेरीच्या मोजणीत पाच मीटरची चूक झाली, तर आठ फेऱ्यांत ती चाळीस मीटर होते. सायकलच्या चाकाला 'जोन्स काउंटर' लावून, वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून शक्य तितक्या आखूड रेषेने मार्ग मोजला जातो आणि तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरला जातो. मॅरेथॉनसाठी हा राखीव हिस्सा सुमारे ४२ मीटर होतो. म्हणजे वरील एका चुकीत तो जवळजवळ संपला! मार्ग अपुरा निघाला, तर धावपटूचे महिनोन् महिन्यांचे कष्ट पात्रतेच्या कामी येत नाहीत.

चढणीचेही तसेच. धक्क्याजवळचा आठ मीटरचा उंचवटा एकदा धावताना जाणवतही नाही. आठ वेळा चढला, की ६४ मीटर होतात. शिवाय दोन्ही टोकांचे वळसे आहेतच. तेथे दर वेळी वेग मोडतो, म्हणून वळण शक्य तितके रुंद ठेवावे लागते.

पाण्याच्या बाबतीत फेऱ्या उपकारक ठरतात, कारण एकच टेबल अनेकदा वाटेत येते. अर्थात टेबलावर कोणी उभे असेल तर. रिओ ऑलिंपिकच्या (२०१६) महिला मॅरेथॉनमध्ये ग्वानाबारा उपसागराच्या काठी दहा किलोमीटरच्या तीन फेऱ्या होत्या. १४ ऑगस्टच्या त्या उन्हात ओ. पी. जैशा अंतिम रेषेवर कोसळली. भारतीय टेबलांवर आपल्यासाठी पेये नव्हती, अशी तक्रार तिने केली. तिने व प्रशिक्षकांनीच ती नाकारली होती, असे ॲथलेटिक्स महासंघाचे म्हणणे होते. याच शर्यतीत नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २ तास ५९ मिनिटे २९ सेकंदांत अंतर पूर्ण केले. कोकणातील दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर तापत जाते. तेथे पाणी आणि वैद्यकीय पथक दर अडीच किलोमीटरवर भेटणे ही चैन नव्हे.

फेऱ्यांचे दुखणे मनाचे आहे. अंतिम रेषा दर वेळी डोळ्यांसमोरून जाते आणि तेथेच थांबण्याचा मोह होतो. फेरी मोजण्यातही गफलत होते. बुटाला बांधलेली चिप वाचणारी चटई केवळ अंतिम रेषेवर अंथरून भागत नाही, ती दूरच्या वळणावरही हवी. अन्यथा अर्ध्यातून परतणारा पकडला जात नाही. पुढचे धावपटू मागच्यांना गाठू लागले, की अरुंद रस्त्यावर डावी-उजवी बाजू ठरवून द्यावी लागते.

दाभोळसारख्या ठिकाणी संयोजकांपुढे सर्वांत अवघड प्रश्न मात्र वाहतुकीचा असेल. लांब मार्गावर शेवटचा धावपटू पुढे गेला, की मागचा रस्ता खुला करता येतो. फेऱ्यांचा रस्ता पाच-सहा तास अडकून राहतो. फेरीबोटीतून उतरणारी वाहने आणि मासळी घेऊन निघालेले टेम्पो एवढा वेळ थांबू शकणार नाहीत. त्यामुळे फेरीचे एक टोक धक्क्याच्या अलीकडेच वळवणे आणि पहाटे अंधार असतानाच शर्यत सोडणे, एवढेच हाती राहते.