थांबलेला आकार : फियाट, जीप आणि दोन काळ्या-पिवळ्या

मोटारींच्या आकाराचा इतिहास सांगणारी पुस्तके डेट्रॉइट आणि तुरीनला सुरू होतात आणि बहुधा तिथेच संपतात. भारताच्या वाट्याला आली तर एखादी ओळ येते : इथे जुन्या परदेशी गाड्या वर्षानुवर्षे तशाच बनत राहिल्या. हे खरे आहे, पण अर्धेच. कारखान्यात आकार थांबला म्हणून त्याचा इतिहास थांबत नाही. तो गॅरेजात जातो, टॅक्सीस्टँडवर जातो, लोकांच्या तोंडी जातो. सापगावात राहून, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या गॅरेजांत पत्र्याचे काम करणाऱ्या जुन्या कारागिरांशी बोलत बोलत मी हा दुसरा अर्धा भाग गोळा करत आलो आहे.

सुरुवात शब्दापासून करतो. मुंबईत ‘काळी-पिवळी’ म्हटले की डोळ्यांपुढे फियाट टॅक्सी येते. आमच्या शहापूर-मुरबाडकडे हाच शब्द खचाखच भरलेल्या वडाप जीपसाठी वापरतात. रंग एक, नाव एक, पण आकार अगदी वेगळे. एक गाडी चाळीस वर्षे जवळपास जशीच्या तशी राहिली, दुसरी लांबत, उंचावत गेली. असे का झाले, हा माझा प्रश्न.

आधी फियाट. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावर कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून हेच करत होती. म्हणजे तोवर मुंबईच्या श्रीमंतांना अमेरिकेची नवी फॅशन लवकर दिसत असे. ही फॅशन तिथे ठरवून घडवली जाई. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली आकार आणि रंग ठरवणारा स्वतंत्र विभागच काढला होता. दरवर्षी गाडीचा चेहरा थोडा बदलायचा, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटू लागते, हे त्या धंद्याचे सूत्र.

स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले : नुसते सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्यांना थारा नाही, इथे टप्प्याटप्प्याने पूर्ण गाडी बनवणाऱ्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियरने फियाटचा हात धरला. दान्ते जिआकोसा या इंजिनिअरची ‘११००-१०३’ ही गाडी १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि लवकरच कुर्ल्यातही बनू लागली.

या गाडीत दोन गोष्टी नव्या होत्या. आधीच्या ११०० मध्ये मडगार्ड, दिवे, बॉनेट हे सारे सुटेसुटे दिसत. इथे सगळे एका सलग पत्र्यात मिसळून गेले होते. आणि तिला खाली वेगळी चासी नव्हती. अंग हाच सांगाडा. पुढची दारे उलट्या बाजूने उघडत. फुगीर नाकाची, बुटकी, गोलसर अशी ही गाडी पाहून आपल्या लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले. मला हे नाव मोलाचे वाटते. तुरीनच्या कागदावर तो आकडा होता. आपल्या भाषेने त्या आकाराचे निरीक्षण केले आणि त्याला अंगणातले नाव दिले.

मग डुकराला पंख फुटले. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-३८ या लढाऊ विमानाची दुहेरी शेपटी पाहून अर्ल यांच्या मंडळींनी १९४८ च्या कॅडिलॅकला मागे दोन छोटे पंख काढले. पुढे अमेरिकेत त्यांची उंची वाढतच गेली. १९५९ च्या कॅडिलॅकवर ती कळसाला पोचली आणि साठीच्या मध्याला ती लाट ओसरली. इटलीने ही हौस बेताने केली. १९६२ च्या फियाट ११०० डी या गाडीला मागच्या कोपऱ्यांवर जेमतेम बोटभर उंचीचे पंख आणि त्यांत उभे दिवे. हीच गाडी कुर्ल्यात आली. आधी फियाट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, आणि सत्तरीच्या मध्यापासून प्रीमियर पद्मिनी. राणीचे नाव मिळाले तरी लोक फियाटच म्हणत राहिले.

इटलीत ११०० डी १९६६ मध्ये बंद झाली. कुर्ल्यात मात्र तिचा आकार नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत निघत राहिला. पुढची जाळी, बंपर, डॅशबोर्ड बदलले, पण अंगाची मूळ रेषा तीच. परवाना पद्धतीत स्पर्धा नव्हती आणि ग्राहक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत होते. मग नवे साचे पाडण्याचा खर्च कोण करणार? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा कुठे लोकांना कळले की मोटार वेगळ्या आकाराचीही असते.

पण आकार थांबल्याचा एक लाभही झाला. एका पिढीने बनवलेले दार दुसऱ्या पिढीच्या गाडीला बसू लागले. भंगारातला मडगार्ड कामाचा ठरला. पत्रेवाल्याच्या हाताला एकच वळण तीस-चाळीस वर्षे मिळाले. आतून डॉली धरायची, बाहेरून हातोडी मारायची, आवाजावरून पत्रा कुठे ताणला आहे ते ओळखायचे आणि शेवटी लांबी भरून घासायचे. पंखाची धार या कारागिरांना पट्टीशिवाय साधते. आणि या गाडीला चासी नसल्यामुळे खालचा पत्रा गंजला तर ते नुसते दिसण्याचे काम उरत नाही, सांगाडाच कमजोर होतो. कोकणपट्टीच्या पावसात टॅक्सी वीस वर्षे धावत असेल, तर तिच्या आयुष्याचा बराच भाग या हातांनी घडवलेला असतो. टॅक्सीवाल्यांनी आपली भर घातली : टपावर सामानाचे कॅरिअर, डाव्या अंगाला बाहेर मीटर, डिकीत सीएनजीची टाकी, आत नक्षीदार रेक्झिन.

आता जीप. अमेरिकी लष्करासाठी १९४० मध्ये आखलेली ही गाडी महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जुळवायला घेतली. नंतर विलीजचे सीजे-३बी हे मॉडेल आले. त्याचे बॉनेट उंच आहे, कारण आतले नवे इंजिन उंच होते. शोभेचा तिथे संबंधच नाही. या गाडीला खाली शिडीसारखी चासी असते आणि अंग त्यावर बोल्टने कसलेले असते. म्हणून चासी लांबवली की मागे समोरासमोर बाके बसतात. महिंद्रांची कमांडर अशीच लांबलेली. पुढे कुणी पाटे वाढवले, कुणी कापडी हूड काढून पत्र्याचा टप चढवला, कुणी मागे उभे राहायला फळी लावली. बाजाराच्या दिवशी किती माणसे आणि किती पाट्या न्यायच्या, यावरून आकार ठरला.

माझ्या प्रश्नाचे उत्तर हेच. फियाटचे अंग हाच सांगाडा, म्हणून तिची रेषा कुणाला सहज हलवता आली नाही. तिला फक्त जपता आले. जीपचे अंग सुटे, म्हणून ते गरजेप्रमाणे बदलता आले. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनेही हेच केले. इटालियन रेखाकार मिकेलोत्ती यांची ट्रायम्फ हेरल्ड ही मूळची दोन दारांची गाडी. तिला वेगळी चासी होती, म्हणून मद्रासला तिची चार दारांची आवृत्ती निघू शकली. आपल्याकडे मोटारीचा आकार आवडीने बदलला नाही. तो बदलला किंवा टिकला तो सांगाड्याच्या आणि गरजेच्या हिशेबाने.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. निदान एक तरी गाडी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. ती योग्यच आहे. मात्र जतन कसे करायचे, हा खरा मुद्दा आहे. हौशी संग्राहक जुनी गाडी मिळाली की ती ‘मूळ रूपात’ आणतात. म्हणजे कॅरिअर काढतात, मीटर काढतात, ठोकून बसवलेला पत्रा फेकून नवा घालतात. उरते ती तुरीनची गाडी. कुर्ल्याने, भायखळ्याने, कसाऱ्याच्या घाटाने तिच्यावर जे लिहिले, ते पुसले जाते. जीपच्या वाट्याला तर तेवढाही मान नाही, ती थेट भंगारात तोलली जाते.

एखाद्या संग्रहालयाने एक टॅक्सी आणि एक वडाप जीप आहे तशी, डागडुजीसकट, लांबीच्या थरांसकट शेजारी ठेवावी. पाटीवर आराखडा करणाऱ्याचे नाव लिहावे, आणि त्याखाली तिला टिकवणाऱ्या पत्रेवाल्याचेही. हे काम लवकर व्हायला हवे. गाड्या कदाचित सापडतील, पण पंखाची धार हाताने काढणारे कारागीर आता सत्तरीपुढे गेले आहेत आणि त्यांची मुले मोबाइल दुरुस्त करतात.