पाळण्यातले पाय आणि पुठ्ठ्याचा भाव

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. पण त्या पायांवर कुणी पैसे लावील का? अमेरिकेत लोक गेली कित्येक वर्षे ते लावत आले आहेत. तिथे बास्केटबॉलपटूंची कार्डे विकत मिळतात. पत्त्याच्या पानाएवढा पुठ्ठा, पुढे खेळाडूचे छायाचित्र, मागे त्याच्या खेळाचे आकडे. खेळाडू नवखा असताना, त्याचे नाव झालेले नसताना हे कार्ड थोडक्या पैशांत घ्यायचे आणि तो मोठा झाला की चढ्या भावाने विकायचे, असा हा व्यवहार आहे. पहिल्या हंगामातल्या कार्डाला ‘रुकी कार्ड’ म्हणतात आणि सगळी ओढ त्याचीच असते.

या पुठ्ठ्याचे मूळ तंबाखूत आहे. 1880 नंतरच्या दशकात सिगारेटची पाकिटे दबू नयेत म्हणून आत कडक पुठ्ठा घालत. त्यावर चित्रे छापली, तर गिऱ्हाईक तीच सिगारेट पुन्हा घेते, हे कंपन्यांच्या लक्षात आले. पुढे सिगारेटची जागा च्युइंगगमने घेतली आणि गिऱ्हाईक झाली मुले. 1948 मध्ये बोमन या गम कंपनीने बास्केटबॉलपटूंची 72 कार्डे काढली. उंचापुरा जॉर्ज मायकन त्यातच होता. पण तेव्हा अमेरिकेचा जीव बेसबॉलवर होता. टॉप्स कंपनीने 1957-58 मध्ये एक हंगाम प्रयत्न केला आणि सोडून दिला. फ्लीअरने 1961-62 मध्ये तेच केले. बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन या दोन महारथींची पहिली कार्डे या दोन फसलेल्या धंद्यांतली आहेत. मुलांनी ती सायकलच्या तारांत अडकवली, खिशात चुरगाळली, आयांनी केरात टाकली. जी थोडी धडधाकट उरली, ती आज मोलाची आहेत.

मंडळी, इथेच या इतिहासाची मेख आहे. ज्याची किंमत कुणाला वाटत नव्हती, तेच पुढे दुर्मीळ झाले.

1986 ची गोष्ट पाहा. टॉप्सने 1981-82 नंतर बास्केटबॉलची कार्डे छापणे थांबवले होते. मोठ्या कंपन्यांपैकी कुणीच या खेळाकडे फिरकत नव्हते. तेव्हा फ्लीअरने 132 कार्डांचा संच काढला. 12 कार्डे, एक स्टिकर आणि गमची कांडी, किंमत 40 सेंट. त्यातले 57 क्रमांकाचे कार्ड मायकेल जॉर्डनचे होते. तेव्हा त्या पाकिटांना फारसा उठाव नव्हता. जॉर्डनने पुढे सहा विजेतेपदे मिळवली आणि त्या कार्डाची दंतकथा झाली.

दंतकथेतून लोक धडा घेतात, पण बहुधा उलटा. 1990 च्या सुमारास घरोघरी माणसे कार्डांचे खोके न फोडता जपू लागली. मुलांच्या शिक्षणाची सोय होईल, असा हिशोब होता. कंपन्यांनीही मागणी पाहून बेसुमार छपाई केली. साऱ्यांनीच जपल्यामुळे दुर्मीळ काही उरलेच नाही. त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज तिथे सरळ रद्दी म्हणतात. बाजारात तुरी म्हणतात, ती हीच.

मग टंचाई हातानेच निर्माण करावी लागली. 1991 मध्ये पीएसए ही संस्था निघाली. ती कार्डाचे कोपरे, कडा, छपाई तपासून दहापैकी गुण देते आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करते. जॉर्डनच्या त्या कार्डाच्या हजारो प्रती तपासल्या गेल्या, पूर्ण दहा गुण मिळाले ते तीनशेच्या थोड्या वर प्रतींना. दुसरीकडे कंपन्या मोजक्याच प्रती काढून त्यांवर क्रमांक छापू लागल्या. 2003-04 मध्ये अपर डेकने पाच कार्डांचे पाकीट 500 डॉलरला विकले. त्या मालिकेतले लेब्रॉन जेम्सच्या सहीचे, अवघ्या 23 प्रतींपैकी एक कार्ड 2021 मध्ये 52 लाख डॉलरला गेले.

पण लेब्रॉन होणार कोण, हे आधी कळणार कसे? 2007 च्या निवडीत पहिले नाव ग्रेग ओडेनचे होते, दुसरे केव्हिन ड्युरँटचे. ओडेनचे गुडघे दुखावले आणि साऱ्या कारकिर्दीत तो साखळीचे 105 सामनेच खेळू शकला. ड्युरँटने ऑलिंपिकची चार सुवर्णपदके मिळवली. 2013 मध्ये यानिस आंतेतोकुम्पो पंधरावा निवडला गेला. नायजेरियन आईबापांचा हा मुलगा अथेन्सच्या रस्त्यावर घड्याळे, गॉगल विकत वाढला होता. 2014 मध्ये सर्बियाचा निकोला योकिच एकेचाळिसावा आला. टीव्हीवर तेव्हा जाहिरात चालू होती. हे दोघे पुढे साखळीतले सर्वोत्तम खेळाडू ठरले. ज्यांनी त्यांची कार्डे आधी घेतली, त्यांचे भले झाले. मात्र पंधराव्या नि एकेचाळिसाव्या क्रमांकावर दरसाल कुणीतरी येतोच, आणि त्यांतले बहुतेक विस्मरणात जातात. त्यांच्या कार्डांची कथा कुणी सांगत नाही.

2020 च्या टाळेबंदीत लोक घरात अडकले, जॉर्डनवरची मालिका पडद्यावर आली आणि भाव उसळले. 2021 च्या जानेवारीअखेर दहा गुणांची दोन जॉर्डन कार्डे प्रत्येकी 7 लाख 38 हजार डॉलरला गेली. मार्चमध्ये पीएसएला कामाच्या ढिगाऱ्यामुळे नवी कार्डे घेणे काही काळ थांबवावे लागले. मेमध्ये वाहनतळावरच्या मारामारीनंतर टार्गेट या दुकानसाखळीने दुकानांतली कार्डविक्री स्थगित केली. वर्ष सरण्याआधी तेच जॉर्डन कार्ड निम्म्याहून कमी भावात मिळू लागले. खेळाडू तोच, पुठ्ठा तोच. उतरली होती ती घेणाऱ्यांची आस.

2025 च्या ऑगस्टमध्ये जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांच्या सह्यांचे एकमेव कार्ड जवळजवळ 1 कोटी 29 लाख डॉलरला विकले गेले. या दोघांबद्दल आता काही ठरायचे राहिलेले नाही. उगवत्या खेळाडूंचे तसे नसते. एकोणीस वर्षांचा पोर उडी मारतो, पाय मुरगळून खाली येतो, आणि कुठल्याशा गावात आपले साठवलेले पैसे त्या पायावर लावलेला माणूस टीव्हीसमोर कळवळतो. त्या कळवळ्यात पोराच्या वेदनेचा वाटा किती आणि भावाचा किती, हे त्याचे त्यालाच ठाऊक. आवडत्या खेळाडूचे चित्र म्हणून कार्ड घेतले, तर भाव पडला तरी चित्र हाती राहते. निव्वळ भाव घेतला असेल, तर राहतो तो पुठ्ठा.